विजेरी

चार वाजले. मतदान संपलं.
दार लावायचं नाही, उलट दुसरंही उघडायचं,
असा नियम आहे आमच्याकडे.
चौथी 'ब'चा वर्ग. भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे,
खिडकीतून कालवांचा वास,
आणि मागच्या बाकांवर वस्ती येऊन बसलेली,
कुणी शेंगा सोलत, कुणी नातवंडाला थोपटत.

मी पत्रिका उलगडते, दोन्ही हातांनी डोक्यावर धरते,
वाळत घालण्याआधी कापड धरतात तशी.
"दोन नंबर, को मिंग-तू, एक मत."
उजवीकडे वळते. डावीकडे वळते.
घाई केली तर मागून खोकतात.

फळ्यापाशी शाओ-फेन रेघ ओढते.
पाच रेघांचं एक अक्षर होतं आमच्या लिपीत:
आधी आडवी, मग उभी, मग दोन आखूड,
शेवटी तळाशी एक लांब, जोत्यासारखी.
अर्थ: सरळ. नीट.
पाच माणसं मिळून एक शब्द लिहितात
आणि कुणाची कोणती रेघ, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

शेवटच्या बाकावर माझे वडील.
मांडीवर विजेरी.

ते तेवीस वर्षांचे होते तेव्हा
मोजणी चालू असताना दिवे गेले.
फक्त या शाळेतले.
समोरच्या शेवयांच्या दुकानात बल्ब जळत होता.
अकरा मिनिटं.
दिवे आले तेव्हा पेट्या तितक्याच होत्या, कुलपं तीच,
फक्त माणसं एकमेकांकडे बघत नव्हती.
तेव्हा कुणी बोलत नसे.
दुसऱ्या दिवशी वडिलांनी विजेरी विकत घेतली.

त्यानंतर एकही मोजणी चुकवली नाही त्यांनी,
आणि वीज एकदाही गेली नाही.
पोरं हसतात. मीही चिडले आहे,
"घरी ठेवा ना ती, बाबा."
"सेल नवे घातलेत," एवढंच म्हणतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे.
असेल, घरच्या गोष्टींत.
इथे उघडेपर्यंत ती नुसतीच मूठ,
आणि मुठीचं भय असतं.

साडेपाचला अंधारून आलं तेव्हा ती पत्रिका हाती आली.
शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर,
फरकटलेला, दुहेरी उमटलेला,
जणू एका हाताने दुसऱ्या हाताला धरून मारलेला.
ती थरथर मला माहीत आहे.
रोज सकाळी ती पेजेच्या वाटीतून टेबलावर सांडते.
किंवा नसेलही ती.
अर्ध्या वस्तीचे हात आता म्हातारे आहेत.

"बाद," मी म्हणाले.
"दिसत नाही! नीट दाखवा!" कुणीतरी ओरडलं.
आणि मागून उजेड आला.
पिवळा गोल, छतावर चाचपडला, माशांवरून घसरला,
मग कागदावर येऊन थांबला. हलत होता.
यानबाईंचा माणूस वाकला, कोंचा माणूस वाकला,
शेंगा सोलणारीने चष्मा लावला.
मी हात खाली घेतले नाहीत. दुखत होते.
रेघ दिसली. शिक्का दिसला.
पुरेसं झाल्यावर खट् असा आवाज,
आणि वडिलांनी मान हलवली:
बाद ते बाद.

को मिंग-तू तेरा मतांनी हरले.
त्यांची बायको रडली, मग खुर्च्या उचलू लागली.
पेटी आडवी करून सगळ्यांना तळ दाखवला.
आत एक मेलेला डास होता. तोही दाखवला.

घरी जाताना समुद्रालगतच्या वाटेवर दिवा नाही.
वडील पुढे, मी मागे,
विजेरी त्यांच्या खिशात, बंद.
मी काही विचारलं नाही.
एका खड्ड्यात माझा पाय मुरगळला तेव्हा म्हणाले,
"सांभाळून चाल. सेल वाचवतोय.
चार वर्षांनी लागतील."